भरतीच्या फॉर्ममधला कॅटेगरीचा रकाना

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात अग्निवीर भरतीची बातमी आली की सोबतचा फोटो ठरलेला, पहाटे ग्राउंडवर पळणारी पोरं, छातीला नंबर, पाय चिखलाने भरलेले. फोटो चांगलाच असतो, त्याची तक्रार नाही. पण मी ईएमईत, म्हणजे फौजेच्या गाड्या नि यंत्रं दुरुस्त करणाऱ्या कोरमध्ये, १७ वर्षं काढून २०१८ ला हवालदार म्हणून बाहेर पडलेला माणूस, ट्रेड व्हेइकल मेकॅनिक, मला तो फोटो बघितला की पोरांच्या पायांपेक्षा त्यांनी भरलेला फॉर्म बघावासा वाटतो. त्यात कॅटेगरीचा एक रकाना असतो आणि त्या रकान्याबद्दल कोणी चकार शब्द लिहीत नाही, म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

झालं असं की भाच्याचा फोन आला, मामा फॉर्म भरलाय, फक्त सबमिट करायचाय, एकदा नजर टाकता का. नजर टाकली तर कॅटेगरीत जीडी म्हणजे जनरल ड्यूटी. पोरगा बारावी सायन्स, फिजिक्स केमिस्ट्री मॅथ्स, टक्के साठच्या आसपास. टेक्निकलला एकूण ५० टक्के आणि प्रत्येक विषयात ४० लागतात, म्हणजे हा आरामात बसतो. मी म्हणलं टेक्निकल का नाही टाकलंस, तर म्हणे अकॅडमीतले सर म्हणाले जीडीला जागा जास्त असतात आणि टेक्निकलचा पेपर अवघड जातो. बरं, आणि पुढे काय करायचंय? तर म्हणे ते पुढचं पुढे. आठ महिने हा पोरगा १६०० मीटर साडेपाच मिनिटांत बसवायला रोज पहाटे चारला उठतोय आणि ज्या रकान्यावर पंचविशीनंतरचं निम्मं आयुष्य ठरणार तो त्याने दुसऱ्याच्या सांगण्यावर दोन मिनिटांत भरून टाकला.

यात त्याचा एकट्याचा दोष नाही. आमच्या वेळेलाही असंच होतं, फरक एवढाच की आमची चूक पेन्शनने झाकली जायची. १५ वर्षं सर्व्हिस झाली की पेन्शन बसायची, कॅन्टीन, ईसीएचएस म्हणजे माजी सैनिकांची दवाखान्याची सोय, वरून माजी सैनिक म्हणून केंद्राच्या नोकऱ्यांत ग्रुप सी मध्ये १० टक्के आणि ग्रुप डी मध्ये २० टक्के राखीव जागा, बँका आणि सरकारी कंपन्यांत ग्रुप सी ला साडेचौदा टक्के, त्यामुळे तोफेवर आयुष्य गेलेला गडीही कुठेतरी लागायचा. ज्या योजनेतून हे अग्निवीर घेतात ते अग्निपथ १४ जून २०२२ ला जाहीर झालं आणि हिशोबच बदलला. चार वर्षं, तीही ट्रेनिंग धरून. त्यातले जास्तीत जास्त २५ टक्के कायम होणार, बाकीच्यांना सेवानिधी म्हणून एकरकमी, व्याज धरून साधारण ११.७१ लाख आणि रामराम. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही, हे शेवटचं निम्म्या पोरांना माहीतच नसतं, त्यांना वाटतं काकाला मिळालं तसं आपल्यालाही कोट्यातून बँकेत मिळेल. पहिली बॅच २०२२ च्या शेवटी ट्रेनिंगला गेली, म्हणजे त्यांची चार वर्षं २०२६ च्या शेवटाला भरतात. योजना चांगली का वाईट हा वाद या पत्रात नको, त्यावर तुमच्या पानांवर भरपूर झालंय. माझं म्हणणं एवढंच की चारातले तीन परत येणार हे कागदावर लिहिलेलंच आहे, तर जाताना येतानाचा विचार करूनच जावं.

आता यावर कोणीतरी म्हणणारच की देशसेवेला चाललाय का नोकरी शोधायला. साहेब, बर्फात बंद पडलेली गाडी चालू करून देणारा मेकॅनिक देशसेवाच करत असतो आणि वायरलेस सेट दुरुस्त करणाराही. फौजेला दोन्ही लागतात, बंदूक धरणारा पण आणि पाना धरणारा पण. ज्याला मनापासून इन्फन्ट्रीत जायचंय, पलटणीचंच वेड आहे, त्याने जीडीच टाकावं, त्याला मी अडवणार नाही, तशी पोरं वेगळीच असतात आणि ती लगेच ओळखू येतात. मी बोलतोय ते बाकीच्यांबद्दल, ज्यांना दोन्हीचं काही नाही, फक्त ‘लागलं पाहिजे’ एवढंच आहे.

माझी स्वतःची गोष्ट सांगतो. बाहेर आलो तेव्हा खिशात क्लास वन म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाच्या मेकॅनिकचा शिक्का आणि डोक्यात हवा. फौजेचा स्टॅलियन ट्रक डोळे झाकून उघडायचो, जिप्सीचा तर आवाज ऐकून सांगायचो काय बिघडलंय. एका मोठ्या डीलरच्या वर्कशॉपमध्ये इंटरव्ह्यूला गेलो, समोर माझ्या निम्म्या वयाचा पोरगा, त्याने विचारलं गाडीचा बिघाड वाचणारा स्कॅनर कुठला वापरलाय. मी म्हणलं स्कॅनर नाही, पण पंप खोलून देतो. तो हसला नाही, उलट फार आदराने बोलला, चहा पाजला, पण नोकरी दिली नाही. बरोबरच होतं त्याचं. आम्ही ज्या गाड्यांवर हात बसवला त्यातल्या बऱ्याच जुन्या मेकॅनिकल पंपाच्या आणि बाहेर तोवर धुराचे बीएस-४ नियम येऊन कॉमन रेल, सेन्सर, ईसीएम म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, सगळं घरोघरी झालेलं, दोन वर्षांत एप्रिल २०२० ला बीएस-६ पण आलं. मग मी काय केलं, तर सहा महिने एका छोट्या गॅरेजात जवळपास फुकट राबलो, लॅपटॉप जोडून फॉल्ट कोड वाचायला शिकलो आणि तिथून पुढे गाडी लागली मार्गाला. आज एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या ताफ्याचं मेंटेनन्स बघतो. पण ते सहा महिने वाचले असते, सर्व्हिसच्या शेवटच्या दोन वर्षांत सुट्टीवर आलो की थोडं बाहेरच्या वर्कशॉपमध्ये डोकावलो असतो तर. सुट्टीत काय केलं? लग्नं खाल्ली.

तरी माझा ट्रेड बाहेर चालणारा होता म्हणून निभावलं. माझ्याच बॅचला भरती झालेला एक दोस्त आर्टिलरीत गनर, तोफेवर त्याच्यासारखा हात नव्हता कोणाचा, उस्ताद लोक त्याचं उदाहरण द्यायचे. बाहेर तोफ कुठे आहे? तो आज एका सोसायटीच्या गेटवर आहे. काम प्रामाणिक आहे, त्याला कमी लेखत नाही, पण बारा तास उभं राहायचं आणि त्याच्याकडे जे कसब होतं त्याला विचारणारं कोणी नाही, हे बघून वाईट वाटतं. आणि त्याच रेजिमेंटमधला दुसरा एकजण, तो टेक्निकल असिस्टंट होता, सर्व्हेची कामं करायचा, नकाशे, कोन, अंतर, तो आज रस्त्याच्या कामावर टोटल स्टेशन म्हणजे मोजणीचं यंत्र घेऊन हिंडतो आणि माझ्यापेक्षा जास्त कमावतो. युनिट एक, लंगर एक, परेड एक, ट्रेड वेगळा. एवढंच.

तर ट्रेड बघताना काय बघायचं. माझं मत असं की एकच प्रश्न विचारावा, हे काम बाहेर कोण करतं आणि ते करायला त्याच्याकडे कुठला कागद असतो. पहिल्या अर्ध्याचा विचार पोरं थोडाफार करतात, दुसऱ्या अर्ध्याचा कोणीच करत नाही आणि खरी मेख तिथेच आहे. फौजेत तुम्ही दहा टनी गाडी घाटातून बर्फातून काढली असेल, पण फौजेचं लायसन्स फौजेत, बाहेर सिव्हिल लायसन्स पाहिजे आणि पोटासाठी अशी अवजड गाडी चालवायची तर ट्रान्सपोर्ट गाडीचं पाहिजे, ते सर्व्हिसमध्ये असतानाच आरटीओतून करून घेतलं तर बरं. इलेक्ट्रिशियनचं तसंच, बाहेर कॉन्ट्रॅक्टर वायरमनचा परवाना विचारतो. एअरफोर्समध्ये इंजिनावर हात बसला म्हणून कोणी एअरलाइनच्या विमानाखाली सही करू देत नाही, त्याला डीजीसीएचं म्हणजे विमान वाहतूक खात्याचं एएमई, विमान मेंटेनन्स इंजिनिअरचं लायसन्स लागतं. नेव्हीत लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीला मरीन इंजिन शिकलात किंवा जामनगरच्या वालसुराला इलेक्ट्रिकल, तरी मर्चंट नेव्हीच्या जहाजावर वर चढायचं तर सर्टिफिकेट ऑफ कॉम्पिटन्सी पाहिजे. यात एक बरं आहे की नेव्हीच्या अग्निवीरांना मर्चंट नेव्हीत जाता यावं म्हणून शिपिंगच्या डायरेक्टरेट जनरलने जून २०२२ मध्येच वेगवेगळ्या योजना जाहीर केल्यात, ज्याला समुद्राची आवड आहे त्याने त्या जरूर वाचाव्यात. आणि हल्ली ज्याला त्याला ड्रोनचं वेड आहे, युनिटमध्ये ड्रोन उडवायला मिळालं तर उत्तमच, पण बाहेर धंदा म्हणून उडवायचं तर २०२१ च्या ड्रोन रूल्सप्रमाणे रिमोट पायलट सर्टिफिकेट लागतं, ते वेगळं काढायचं.

मेडिकल कोरची पोरं मला नेहमी नशीबवान वाटत आली, लॅब असिस्टंट, रेडिओग्राफर, ऑपरेशन थिएटरवाले, कारण त्यांचं काम बाहेर जसंच्या तसं आहे, रक्ताची ट्यूब आत बाहेर सारखीच. पण नर्सिंग असिस्टंट ही वेगळी एंट्री आहे, ती अग्निवीरमध्ये नाही रेग्युलरमध्ये येते, आणि तिकडे जाणाऱ्याने आधीच चौकशी करावी की आपल्या सर्टिफिकेटवर स्टेट कौन्सिलचं रजिस्ट्रेशन होतं का, कारण हॉस्पिटलवाले पहिलं तेच मागतात.

सॅपर म्हणजे फौजेच्या इंजिनिअर कोरच्या लोकांचं तर विचारूच नका. इंजिनिअर्समध्ये वेल्डर, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, सुतार, ड्राफ्ट्समन, सर्व्हेअर, डोझर नि एक्स्कॅव्हेटर चालवणारे ऑपरेटर, अख्खी बांधकाम साइटच असते, खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमधून असे किती घडलेत. त्यातही वेल्डिंग मला फार आवडतं, कारण हा एक धंदा असा आहे की तिथे कागदाआधी हात बघतात, फॅब्रिकेशनवाला तुमच्यापुढे पाइपचा तुकडा ठेवतो, म्हणतो मार सिक्स जी, म्हणजे तिरक्या पाइपाचा सगळ्यात अवघड जोड, आणि जोड एक्स-रेमध्ये पास झाला की तो विचारत नाही तुम्ही कुठल्या रेजिमेंटचे. सिग्नल्सवाले पण बरे राहतात, फक्त एक लक्षात ठेवायचं, फौजेचा विशिष्ट सेट किंवा विशिष्ट रडार बाहेर मिळत नाही, म्हणून त्या डब्यात कुठलं बटण कुठे एवढंच पाठ करून उपयोग नाही, फायबर जोडणं, नेटवर्किंग, पॉवर सप्लाय ही मुळं पक्की करायची आणि जोडीला नेटवर्किंगच्या सीसीएनएसारखी बाहेर चालणारी एखादी परीक्षा द्यायची.

क्लार्क आणि स्टोअरकीपरच्या कॅटेगरीला सगळ्यात कमी लेखतात, म्हणे फौजेत जाऊन कारकुनी करायची का. पात्रता मात्र तिचीच जास्त, बारावीला एकूण ६० टक्के आणि प्रत्येक विषयात ५०, शिवाय टायपिंग टेस्ट. बाहेर गोडाऊन, वेअरहाऊस, कुरिअर, कंपन्यांची स्टोअर्स, सगळीकडे ही कामं आहेत आणि फौजेचा स्टोअरकीपर लेजरमध्ये एक नट इकडचा तिकडे होऊ देत नाही. अडतं कुठे, तर त्याला फौजेच्या दप्तरातली पार्ट टू ऑर्डर तोंडपाठ असते पण माल पाठवायचं ई-वे बिल काढलेलं नसतं, जीएसटी माहीत नसतं, एक्सेल जेमतेम. दोन तीन महिन्यांचं शिक्षण आहे ते, पण आधी कोणीतरी सांगायला पाहिजे ना. ट्रेड्समनमध्ये शेफचंही असंच, एका दमात तीनशे माणसांचं जेवण वेळेवर काढणारा माणूस इंडस्ट्रियल कॅन्टीनला सोन्यासारखा असतो.

कागदाबद्दल अजून एक, कारण यात मी स्वतः फसलोय. १५ वर्षं झाल्यावर आम्हाला ग्रॅज्युएशनचं सर्टिफिकेट मिळतं, मी ते लॅमिनेट करून घेतलं, पाहुण्यांना सांगितलं मी ग्रॅज्युएट. नंतर एका ठिकाणी डिग्री हवी होती तिथे ते दाखवलं तर परत केलं, कारण ते सर्टिफिकेट सरकारी ग्रुप सी च्या पदांपुरतं ग्रॅज्युएट धरतं, युनिव्हर्सिटीची डिग्री नव्हे. म्हणून अग्निवीरांना इग्नूची जी तीन वर्षांची डिग्री ठेवलीय, ज्यात निम्मे क्रेडिट फौजेतल्या ट्रेनिंगचेच धरतात, ती कंटाळा न करता पुरी करावी. दहावीवर गेलेल्याला एनआयओएस या ओपन स्कूलमधून बारावीची सोय आहे. ड्यूटीवरून आल्यावर अभ्यास होत नाही, मला माहितीय, मोजे काढायचा पण कंटाळा येतो, तरी करावा.

जीडीत ऑलरेडी गेलेल्या किंवा जाणाऱ्या पोरांनी हे वाचून हिरमुसून जाऊ नये. बीएसएफ, सीआरपीएफसारख्या केंद्रीय दलांत आणि आसाम रायफल्समध्ये अग्निवीरांना जागा राखीव ठेवायचं, सुरुवातीला १० टक्के, २०२२ मध्येच जाहीर झालंय आणि वर्दीतच राहायचं असेल तर तो सरळ रस्ता आहे. दुसरं, पलटणीत सगळेच नुसती रायफल घेऊन नसतात. गाड्या चालवणारे असतात, रेडिओवाले असतात, पीटी इन्स्ट्रक्टर असतात, ऑफिसात बसणारे असतात. एलएमव्ही लायसन्स घेऊन जाणाऱ्याला ड्रायव्हरसाठी पसंती देतात, तर भरतीआधी अठरा पूर्ण झाले की ते तेवढं काढून ठेवायला काय हरकत आहे. कोर्सची नावं मागवली जातात तेव्हा मागच्या रांगेत लपणारे मी खूप बघितलेत, कोर्स म्हणजे डबल रगडा असं त्यांना वाटतं आणि ते खरंही आहे, पण कोर्सचं सर्टिफिकेट तुमच्यासोबत घरी येतं.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजू पण सांगायला पाहिजे नाहीतर उद्या पोरं मला शिव्या घालतील. टेक्निकल टाकलं म्हणजे मनासारखा ट्रेड मिळतोच असं नाही. कोर कुठली आणि ट्रेड कुठला हे फौज आपल्या गरजेप्रमाणे आणि तुमची अॅप्टिट्यूड बघून ठरवते. मला वायरलेस पाहिजे होतं, मिळाल्या गाड्या, दोन दिवस तोंड पाडून बसलो होतो, उस्तादांनी ग्राउंडला चार चकरा मारायला लावल्या मग बरं वाटलं. आणि चार वर्षांत ट्रेनिंग वजा जाता हातावर किती काम येणार हाही प्रश्न आहेच, आम्हाला क्लास थ्री पासून क्लास वन पर्यंत जायला कित्येक वर्षं लागली. म्हणून माझं मत असं झालंय की ज्याच्याकडे वेळ आहे, वय साडेसतरा अठराच आहे, त्याने आधी आयटीआय करून मग जावं. टेक्निकलला दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय किंवा डिप्लोमा पण चालतो, वरून बोनस मार्क मिळतात, आणि मुख्य म्हणजे बाहेर पडल्यावर एनसीव्हीटीचा म्हणजे आयटीआयचा देशभर चालणारा कागद आधीपासून हातात असतो, फौजेचा अनुभव त्याच्यावर चढतो. वयाच्या अटीत बसत असेल तर दोन वर्षं थांबलं म्हणून काही बिघडत नाही, फक्त घरचे थांबू देत नाहीत. त्यांना शेजारच्याचा पोरगा लागलेला दिसतो.

भाच्याचं काय झालं ते सांगायचं राहिलं. त्याने जीडी खोडून टेक्निकल केलं, त्याच्या आईने मला फोन करून झापलं की आता नाही लागला तर तुम्ही जबाबदार. पेपर व्हायचाय अजून. मॅथ्स कच्चं आहे त्याचं, रोज रात्री व्हिडिओ कॉलवर दोघं बसतो, मला येत नाही ते आम्ही दोघं मिळून शोधतो, बायको हसते.

संपादक साहेब, तुमच्याकडे मागणं एकच. पुढच्या भरतीची बातमी छापताना पळणाऱ्या पोरांचा फोटो थोडा लहान करा आणि उरलेल्या जागेत एक छोटा तक्ता टाका, कॅटेगरी कुठल्या, कोणाला किती टक्के लागतात, त्यातून कुठले ट्रेड मिळू शकतात आणि त्या ट्रेडला बाहेर कुठलं लायसन्स किंवा सर्टिफिकेट लागतं. माहिती भरतीच्या नोटिफिकेशनमध्ये आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मिळेल, आणि ट्रेडबद्दल विचारायचं तर कुठल्याही रिटायर फौजीला विचारा, तो सांगायला टपलेलाच असतो, हे पत्र बघताय ना.

आपला,
एक माजी हवालदार, ईएमई
(नाव छापू नये, बहीण पेपर वाचते)

ता.क. पत्र कापायची वेळ आली तर माझी गोष्ट आणि भाचा कापा, लायसन्सचा परिच्छेद तेवढा ठेवा.